इस्तंबूल माझ्या वाट्याचं होतं

हात काळे पडायला लागले. चिकूचा चीक आधी पांढरा असतो, दिवसभरात तो बोटांवर वाळतो आणि संध्याकाळी हात कोळसा चाळल्यासारखे दिसतात. गोडेतेल चोळलं तर थोडा जातो, नखांच्या कडेचा मात्र होळीपर्यंत राहतो. कोसबाडच्या टेकडीखाली आमची वाडी आहे. इथे थंडी आली हे अंगापेक्षा हातांना आधी कळतं. सकाळी धुकं असतं, झाडांखाली ओल असते, जाळी लावलेल्या लांब काठ्या फांद्यांत फिरत असतात आणि शेडमध्ये आम्ही बायका माल निवडत बसतो. मोठा इकडे, मधला तिकडे, डागी टोपलीत.

दरवर्षी हे सगळं परत आलं की मला इस्तंबूल आठवतं.

मी तिथे गेलेले नाही. माझ्या सासूबाई गेल्या. माझ्या जागेवर गेल्या. हे मी कोणाशी बोलत नाही. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते. माहेरी सायवनला चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती. लिहायचं मात्र सोडलं नाही.

माझी धाकटी जाऊ मीनल बोरिवलीला राहते, बँकेत आहे. ती आणि भावजी वर्षातून एकदा फिरायला जातात, कधी कुठे, कधी कुठे. आल्यावर वाडीत येऊन ती फोनमधले फोटो दाखवते. तो वाकडा मनोरा. ते वाळूतले त्रिकोणी डोंगर, जे डोंगर नाहीतच, राजांच्या कबरी आहेत. एक लोखंडी मनोरा, ज्याच्या पायांतून आभाळ दिसतं. मी फोटो बघते आणि छान म्हणते. मला फोटोतल्या इमारतींपेक्षा मीनलचा हात दिसत राहतो. कुठल्यातरी खांबाला टेकलेला, खांब स्वतःचाच असल्यासारखा.

माझं माहेरचं घर कारवीच्या कुडाचं होतं. पावसाळा संपला की आई भिंती नव्याने सारवायची आणि ओल्या मातीवर तिच्या चार बोटांचे पट्टे उठायचे, अर्धगोल, एकात एक. आम्ही पोरं त्या पट्ट्यांवरून बोट फिरवायचो. पुढच्या पावसात ते जायचे. हल्ली अशा भिंतींचे फोटो काढायला शहरातून बायका येतात. आमच्या शेडच्या भिंतीवरही तांदळाच्या पिठाची चित्रं आहेत, तिच्यापुढे उभ्या राहून त्या म्हणतात, किती सुंदर, तुम्ही किती नशीबवान. मी मान हलवते. त्या दुसऱ्या दिवशी परत जातात. नशीब त्यांच्या गाडीत बसून जातं असं मला वाटतं.

तर त्या वर्षी मीनल आणि भावजींचं इस्तंबूल ठरलं होतं. भावजींची रजा ऐनवेळी रद्द झाली. मीनलने फोन केला तेव्हा आम्ही सगळे शेडमध्येच होतो. ह्यांनी फोन मोठ्याने लावून क्रेटवर ठेवला.

"ताई, तुम्ही चला," मीनल म्हणाली. "आपण दोघी जावा. मी टूरवाल्यांशी बोलले, नाव बदलता येतं. व्हिसाला वेळ आहे."

पासपोर्ट घरात सगळ्यांचे होते. मीनलनेच मागे आग्रह करून काढून घेतले होते. माझा कपाटात, साड्यांच्या खाली, नवाकोरा.

माझ्या हातातला चिकू चुकीच्या टोपलीत पडला. आणि मी म्हणाले, "आत्ता? सीझन आहे. माल कोण निवडणार?"

हे खरं नव्हतं. सीझन होता, पण कारण ते नव्हतं. मला विमानतळावरच्या साहेबाची भीती वाटली. त्याने इंग्रजीत काही विचारलं तर? टूरमधल्या बायका जेवताना कुठल्या शाळेत होतात म्हणून विचारतील, तेव्हा? बसमध्ये बाजूची बोलायला लागली तर मी काय बोलू, चिकू? मला वाटलं, मीनल आग्रह करेल. अजून एकदा म्हणेल, ताई चला हो. ह्यांनी म्हणावं, जा गं, आम्ही बघतो माल. त्यांनी फोनकडे बघितलं, मग मालाकडे बघितलं.

आणि तेवढ्यात झोपाळ्यावरून सासूबाई म्हणाल्या, "मग मी जाते."

सगळे हसले. आमच्याकडे वर्षानुवर्षे कामाला येणारी देवकी तर पदर तोंडाला लावून हसली.

"हसायला काय झालं?" आई म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. "पाय चांगले आहेत माझे. मीनल, माझं नाव लिहून टाक."

"आई, तुला वाचता येत नाही," हे म्हणाले. "हरवशील तिकडे."

"हरवेन कशी? तोंड आहे ना मला."

मला चौथीचं वाचता येतं, आईंना तेवढंही नाही. माझ्या पासपोर्टवर सही आहे, त्यांच्या पासपोर्टवर अंगठा. तरी त्या गेल्या आणि मी राहिले. इतक्या वर्षांत ह्याच्यावर मी पुष्कळ विचार केला. दरवेळी शेवटी राग येतो, आणि तो आईंवरच येतो.

त्यांची बॅग मी भरली. स्वेटर, कानटोपी, गुडघ्याचं तेल. आणि चिकू, कारण आमच्या घरातलं माणूस चिकूशिवाय कुठे जात नाही. लग्नाला जा, दवाखान्यात कोणाला बघायला जा, हातात चिकूची पिशवी. चिकू झाडावरून दगडासारखा निघतो, चार-पाच दिवसांनी पिकतो. नखाने साल जरा खरवडली की आत हिरवं दिसतं का पिवळट, त्यावरून मला तो कधी पिकेल ते कळतं. मी मीनलला विचारून घेतलं होतं, कुठल्या दिवशी काय बघायचं. त्याप्रमाणे डबा लावला. सगळ्यात वर पहिल्या दिवसाचे, मोठ्या घुमटाच्या मशिदीजवळ खायचे. मग जुन्या साडीचा तुकडा, त्याखाली राजवाड्याच्या दिवसाचे. मग अजून एक तुकडा, त्याखाली होडीतून फिरायच्या दिवसाचे. मी जाणार नव्हते, पण माझ्या डोक्यात सगळा प्रवास झाला होता. कुठे बसून कुठला चिकू सोलायचा, बिया कुठे टाकायच्या, सगळं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तिकडे बर्फाची थंडी होती. अशा थंडीत चिकू पिकत नाही, तसाच टणक राहतो. पुढे आईंनी सांगितलं, पहिल्या दिवशी डबा उघडला तर एकाला बोट रुतेना. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी काय करावं? दोन चिकू घेतले, लोकरी शालीत गुंडाळले आणि ती शाल पोटाशी बांधून फिरल्या. घरी कच्चा माल तांदळाच्या डब्यात घालून ऊब देतो तशी.

फोन दुपारी यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. मी क्रेटला टेकवून फोन उभा करायची आणि देवकी माझ्या बाजूला येऊन बसायची. मीनल फोन धरायची आणि आई बोलायच्या. आईंना वाटायचं, जवळ गेलं तरच आवाज जातो. त्यामुळे पडद्यावर आईच. कानटोपी, नथ, लाल झालेलं नाक. मागे काहीतरी भलंमोठं आहे हे दिसायचं. डाव्या कानाजवळ सोनेरी काहीतरी, उजव्या कानाजवळ खिडक्यांची एक ओळ आणि त्यांतून येणारा उजेड.

"आई, जरा बाजूला व्हा ना," मी म्हणायची.

"हां, दिसतंय ना?" आई म्हणायच्या आणि अजून जवळ यायच्या.

मी इस्तंबूल असं पाहिलं. आईंच्या डोक्याच्या कडेकडेने.

"ते घर कोणाचं वहिनी?" देवकीने विचारलं.

"देवाचं," मी म्हटलं. "आधी ख्रिस्ती लोकांचं देऊळ होतं म्हणे. मग मशीद झाली. मग नुसतं बघायला ठेवलं. आता परत मशीद."

देवकीने एक डागी चिकू टोपलीत टाकला. "म्हणजे आपल्या शेडसारखं. आधी गुरं होती, मग भाताच्या गोणी, आता चिकू."

मी हसले, पण मला आतून वाटत होतं, हे ती तिथे उभी राहून म्हणाली असती आणि मी तिथे उभी राहून ऐकलं असतं, तर ते वेगळं झालं असतं. एवढा घुमट खांबांशिवाय वर कसा राहतो हे मला बघायचं होतं. मान मागे टाकून. पदर सरकेपर्यंत.

एके दिवशी मीनलने मशिदीबाहेरून फोन लावला. आई कारंज्याच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, शाल सोडलेली, मांडीवर चिकू.

"पिकला गं," त्यांनी मला दाखवला. "एकच पिकला. दुसरा अजून दगड."

त्यांनी तो बोटांनी फोडला. बाजूला हिरव्या स्कार्फची एक बाई बसली होती, तिला अर्धा दिला. ती बाई काहीतरी म्हणाली. आई म्हणाल्या, "चिकू, चिकू, डहाणू." बाईने खाल्ला, डोळे मिटले आणि आईंच्या गालाला हात लावला. आईंच्या पायाशी एक मांजर आलं होतं, तेही वर बघत होतं.

आमच्या वाडीतला चिकू तिथे पोचला होता. मी निवडलेला, मी साल खरवडून बघितलेला, मी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. तो पोचला, कोणाच्या तरी तोंडात गेला, गोड लागला. मला त्या चिकूचाही हेवा वाटला. फोन बंद झाल्यावर मी एवढ्या जोरात माल निवडायला लागले की देवकी म्हणाली, "वहिनी, हळू. चिकू आहेत, बटाटे नाहीत."

परत आल्यावर आईंचं गावात नावच पडलं, इस्तंबूलच्या आजी. धाकट्या डहाणूहून मासळीवाली आली तरी ओट्यावर बसून ऐकून जायची. कोणाच्याही लग्नात आईंभोवती बायकांचा घोळका. मी चहा करायची आणि ऐकायची. घुमट केवढा? आपली शेड चारदा मावेल, वर झाड लावलं तरी उंची उरेल. मांजरं किती? आपल्याकडे कावळे असतात तेवढी. आणि जमिनीखाली काय? जमिनीखाली पाणी.

हे पाण्याचं त्या फार रंगवून सांगायच्या. "वर राजवाडे, मशिदी, सगळं. आणि पायऱ्या उतरून खाली जावं तर अंधारात नुसते खांब. खांबांचं जंगल. आणि पायाशी पाणी. मी मीनलला म्हटलं, बघ, राजा झाला म्हणून काय, विहीर लागतेच ना. आणि तिथे एका कोपऱ्यात दोन खांबांच्या खाली बाईचं तोंड आहे, दगडाचं. एक आडवं, एक उलटं. डोकं खाली, हनुवटी वर, आणि तिच्यावर खांब."

"उलटं का?" कोणीतरी विचारायचं.

"कोणाला माहीत? वाटाड्याने पुष्कळ सांगितलं, मला काही पटलं नाही. मला वाटतं गवंड्याला उंची जमत नव्हती, तेव्हा तिला फिरवून बसवली."

मी चुलीपुढे असले तरी त्या दगडाच्या बाईपाशी माझा हात थांबतो. एवढं मोठं शहर बघायला गेलेले सगळे जिना उतरून तिच्यापर्यंत जातात. तिला कोणी सरळ करत नाही. मी गेले असते तर मान वाकडी करून, खाली वाकून, तिच्या डोळ्यांना डोळे लावून बघितलं असतं. आईंनी बघितलं आणि गवंड्याची चूक काढून पुढे गेल्या. एवढंच? मला दिलं असतं तर मी असं उधळलं नसतं. असे विचार मनात येतात. वाईट आहेत, पण येतात.

ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. आता आईंचं वय झालं, एखादी गोष्ट निसटते. घुमटाची मशीद आणि निळ्या फरश्यांची मशीद यांची गल्लत होते. मांजर कधी कारंज्यापाशी असतं, कधी होडीत. तेव्हा मी आतून हळूच सांगते, "होडीत नाही आई, कट्ट्यावर." आणि त्या म्हणतात, "हां, कट्ट्यावर," आणि पुढे चालू.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या तीन बायका वाडी बघायला आल्या होत्या. जवळच्या कुठल्यातरी घरगुती हॉटेलात उतरल्या होत्या. आईंनी झोपाळ्यावर बसून त्यांना इस्तंबूल सांगायला घेतलं. मी निवडत होते आणि मधूनमधून दुरुस्त करत होते. त्यातल्या चष्मेवाल्या बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही पण गेला होतात का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "तर! हीच तर होती बरोबर. ही नसती तर मला कोणी फिरवलं असतं तिथे?"

माझे हात थांबले. आई माझ्याकडे बघत नव्हत्या, झोपाळ्याला पायाने रेटा देत होत्या. त्या खरंच विसरल्या, की जाणूनबुजून त्यांनी मला ते देऊन टाकलं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही.

"कसं वाटलं हो तुम्हाला?" बाईंनी विचारलं. तिघी माझ्याकडे बघत होत्या. ह्याआधी माझ्याकडे अशा बायका बघायच्या तेव्हा शेडच्या भिंतीकडे बघितल्यासारख्या बघायच्या. आता वेगळं बघत होत्या.

आणि मी बोलले. पाण्याचं सांगितलं, खांबांवरून टपटप गळणाऱ्या थेंबांचं सांगितलं, उलट्या बाईचं सांगितलं. तिच्या केसांत साप आहेत हेही सांगितलं. आई ते कधी सांगत नाहीत, मीनलच्या फोटोत मी बघितलं होतं. तिच्यापुढे माणसं बोलताना आवाज आपोआप खाली येतो, असंही म्हणाले. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. हे तिथे न जाता मला माहीत होतं.

देवकी माझ्याकडे बघत राहिली.

बायका गेल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट भलतंच उदास झालं. आईंनी मला त्यांची वापरून झालेली साडी द्यावी तसं इस्तंबूल दिलं होतं. अंगाला बसलं, रंगही चांगला होता, पण घडी दुसऱ्याची होती. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं एक तरी काहीतरी हवं होतं. लहान चालेल. एखादी पायरी.

काल दुपारी मीनलचा फोन आला. या वर्षी ते कंबोडियाला निघालेत. तिथे जंगलात दगडांची फार मोठी देवळं आहेत म्हणे, आपल्याच देवांची, आणि काही देवळांच्या भिंतींवरून झाडांची मुळं अशी उतरली आहेत की झाड काढावं तर भिंत पडेल. ह्यांनी फोन नेहमीसारखा मोठ्याने लावला होता.

"एक जागा आहे," मीनल म्हणाली. मग जरा थांबली. "ताई, तुम्हाला विचारू का, की याही वेळी सीझन आहे?"

टोमणा होता. बरोबरच होता.

"ती कसली जाते?" झोपाळ्यावरून आई म्हणाल्या. "मी जाते. माझं नाव लिही."

आईंना आता विहिरीपर्यंत जायलाही कोणाचा तरी हात लागतो. हे फोनकडे बघत होते. मला वाटलं, आता सगळे हसतील आणि हसता हसता जागा पुन्हा जाईल.

"नाही आई," मी म्हटलं. "मी जाणार."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. देवकीने हातातला चिकू धरून ठेवला.

"आणि माल?" ह्यांनी विचारलं.

"देवकी निवडेल. तिला माझ्याइतकंच कळतं. आणि तुम्ही आहात."

"मी?"

"तुम्हाला मोठा आणि मधला ओळखता येतो ना?"

देवकी खाली मान घालून हसली. हे उठून क्रेट सरळ लावायला लागले, त्यांना काही सुचत नसलं की ते असं करतात. मीनल फोनमधून म्हणाली, "ताई, मी आत्ताच्या आत्ता नाव घालते, मग बदलू नका." मी म्हटलं, घाल. भीती गेली नव्हती. तो विमानतळावरचा साहेब तिथेच उभा होता. असू दे. मलाही तोंड आहे.

आईंनी झोपाळा थांबवला. "काय बघायचंय तिथे?" त्या म्हणाल्या. "दगड."

"मला दगडच बघायचेत."

"आणि चिकू तिथेही मिळतो म्हणे. मीनलच म्हणत होती. मग जायचं कशाला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ आवळलेले, नजर लांब झाडांत, कशाशी देणंघेणं नसल्यासारखी. तो चेहरा मी ओळखला. इतकी वर्षं चहाचे कप विसळताना मी तोच करत आले आहे. त्यांच्या चेहऱ्यावर तो बघून मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. पण त्याआधी बरं वाटलं.

संध्याकाळी त्यांचे पाय चेपायला बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज फोन कर. सगळं दाखव मला. एकूण एक."

"करीन," मी म्हटलं. "दाखवीन."

आणि मी दाखवीन. देवळं दाखवीन, मुळं दाखवीन, दगडातले देव दाखवीन, आल्यावर ओट्यावर बसून चार जणींना सांगेनही, आईंनी मधे दुरुस्त केलं तरी. पण त्या सगळ्यांतलं एक काहीतरी मी फोन बंद ठेवून बघणार आहे. मीनलला पुढे जाऊ देईन, एकटी मागे राहीन आणि मन भरेपर्यंत बघेन. ते मी आईंना सांगणार नाही, देवकीला नाही, ह्यांना नाही. इथेही लिहिणार नाही.